परसबागेतले घरगुती औषध : कायदा कुठे थांबतो आणि आपण कुठे थांबावे

कुंडीतल्या मिरचीवर मावा पडला, पाने आकसून चुरडामुरडा झाला की घरातल्या बायकांचा हात आधी स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे जातो. लसूण ठेचली, हिरवी मिरची वाटली, साबणाचे दोन थेंब टाकले, जुन्या ओढणीतून गाळले आणि झाडावर मारले. कुणाची दादी चुलीतली राख चाळून वांग्यावर टाकायची, कुणाचे अब्बा तंबाखू भिजवून त्याचे पाणी फवारायचे. यासाठी कुणाची परवानगी लागते, असा विचार कुणाच्या मनालाही शिवला नाही. आता मात्र ब्रिटनमध्ये स्थायिक झालेले नातेवाईक सांगतात की तिकडे घरी केलेले औषध स्वतःच्या बागेतही फवारता येत नाही. मग आपल्याकडे काय? गच्चीवरच्या चार कुंड्यांसाठी कुणी नोटीस पाठवेल का?

नाही पाठवणार. आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे आणि घरातल्या माणसाच्या बाजूचा आहे. पण ही सूट कशासाठी आहे आणि ती कुठे संपते, हे जाणून घेतले पाहिजे. विशेषतः बचत गटातून निंबोळी अर्काच्या बाटल्या विकायचा विचार करणाऱ्या भगिनींनी.

हा कायदा म्हणजे १९६८ चा कीटकनाशक अधिनियम. त्याचा उगम एका मोठ्या दुर्घटनेत आहे. १९५८ साली केरळात आणि लगतच्या मद्रास राज्यात शंभराहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. जहाजातून आलेल्या धान्याच्या मालाबरोबरच पॅराथिऑन नावाच्या जहाल कीटकनाशकाचे डबे ठेवलेले होते. ते गळले, विष गव्हाच्या पिठात मिसळले, आणि त्या पिठाचे पदार्थ लोकांनी खाल्ले. चौकशीसाठी सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमला. विषारी औषधांची आयात, उत्पादन, विक्री, वाहतूक आणि वापर यांवर देशभर एकच कायदा हवा, हा विचार तिथून पुढे आला. दहा वर्षांनी अधिनियम झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले.

कायद्याचा साचा साधा आहे. त्याला जोडलेली एक अनुसूची, म्हणजे पदार्थांची यादी आहे. त्या यादीतला पदार्थ किंवा त्यापासून केलेले कोणतेही मिश्रण म्हणजे कायद्याच्या भाषेत कीटकनाशक. यादीत फक्त कारखान्यातली रसायनेच आहेत असे समजू नये. मोरचूद आहे, शेवंतीच्या जातीच्या फुलांपासून निघणारे पायरेथ्रिन आहे, तंबाखूतल्या निकोटीनपासून केलेले निकोटीन सल्फेट आहे. पुढे भर पडत गेली आणि कडुलिंबातला कडू घटक अॅझाडिरॅक्टिनही त्यात आला. म्हणून तर दुकानातल्या कडुलिंबाच्या औषधाच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो.

आता गंमत अशी की कलम १८ नुसार नोंदणी नसलेले कीटकनाशक विकणे, वाटणे, वाहून नेणे तर मना आहेच, पण ते वापरणे किंवा मजुराकडून वापरून घेणेही मना आहे. एवढेच कलम वाचले तर निंबोळी वाटून वांग्यावर शिंपडणारी प्रत्येक गृहिणी गुन्हेगार ठरावी! पण अधिनियमाच्या शेवटी कलम ३८ आहे. ते म्हणते की एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी केलेल्या कीटकनाशकाच्या वापराला हा कायदा लागू होणार नाही. परसबाग हा शब्द कायद्यात मुद्दाम घातलेला आहे. कायदा करणाऱ्यांना हिंदुस्थानातले घर माहीत होते, एवढे तरी त्यावरून दिसते.

शिवाय राज्याचा कृषी विभागच शेतकऱ्यांना पाच टक्के निंबोळी अर्क घरी कसा करायचा हे वर्षानुवर्षे शिकवत आला आहे. कोकणात सुपारीवरच्या कोळे रोगासाठी मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण शेतकरी वाडीतच तयार करतात. जे सरकारी अधिकारी बांधावर येऊन शिकवतात, त्याबद्दल कुणाला पकडण्याचा प्रश्नच येत नाही.

मग रेषा कुठे आहे? कलम ३८ मधला महत्त्वाचा शब्द आहे ‘वापर’, आणि दुसरा ‘स्वतःच्या’. शेजारच्या खालाने झाड पाहून कौतुक केले आणि तुम्ही तिला कृती सांगितली, तर त्यात काही नाही. पण तेच औषध पन्नास बाटल्यांत भरले, त्यावर ‘जैविक कीडनाशक’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि महिला मेळाव्यात टेबल मांडले, की तुम्ही परसबागेतून बाजारात आलात. तिथे कलम ९ ची नोंदणी लागते, कलम १३ चा परवाना लागतो. परवान्याच्या कलमात ‘विक्री’बरोबर ‘वितरण’ हाही शब्द आहे, म्हणून ‘आम्ही पैसे घेत नाही, फुकट वाटतो’ हा बचाव वाटतो तेवढा भक्कम नाही. नोंदणीशिवाय किंवा परवान्याशिवाय धंदा केल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दहा हजार ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कलम २९ मध्ये आहे.

हे घाबरवण्यासाठी लिहिलेले नाही. घरातून चार पैसे मिळवू पाहणाऱ्या बाईला कुणी निरीक्षक लगेच तुरुंगात टाकतो असेही नाही. पण गटाने कर्ज काढून बाटल्या, लेबले, मिक्सर घेतल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन सरळ विचारावे. सुकवलेली निंबोळी विकणे ही वेगळी गोष्ट आहे. ती बाजारात मालासारखी विकली जाते, आणि औषध म्हणून दावा न करता ती विकणाऱ्या बाया विदर्भ-मराठवाड्यात आजही दिसतात. गटांनी आधी तिकडे पाहावे, असे माझे मत आहे. कमाई कमी, पण डोक्याला ताप नाही.

सोसायटीची सामाईक बाग, मदरशाचे आवार, कब्रस्तानातली झाडे यांचे काय? ही कुणा एकाची स्वतःची परसबाग नव्हे, त्यामुळे तिथे कलम ३८ चा आधार पातळ होतो. पैसे घेऊन कीड मारण्याचे काम करणाऱ्याला तर परवाना लागतोच. अशा ठिकाणी दुकानातले नोंदणी असलेले औषध, पावतीसह घेतलेले, हाच शहाणपणाचा मार्ग.

आता नातेवाइकांच्या त्या ब्रिटनबद्दल. ते सांगतात ते खरे आहे. तिथे कीड मारण्यासाठी फक्त मान्यता मिळालेलीच उत्पादने वापरता येतात, आणि हा नियम घरामागच्या बागेलाही लागू आहे. लसणाचे पाणी किंवा भांड्याचा साबण किड्यांवर मारणे तिथल्या कायद्यात बसत नाही. फ्रान्समध्ये तर २००६ च्या एका कायद्यामुळे खाजकुयलीसारख्या आग करणाऱ्या एका झुडपाच्या अर्कावरून मोठे वादळ उठले होते. तिथले बागवान पिढ्यानपिढ्या ते झुडूप पाण्यात कुजवून झाडांना घालत. नव्या कायद्याने अशा मान्यता नसलेल्या अर्काची कृती सांगणेही अडचणीचे झाले, लोक चिडले, आणि २०११ मध्ये सरकारला त्या अर्काला वाट करून द्यावी लागली. पुढे युरोपीय संघाने ‘मूलभूत पदार्थ’ असा वेगळा वर्गच केला. त्यात शिरका, खायचा सोडा अशा घरातल्या वस्तू आल्या. म्हणून परदेशात घर असलेल्यांनी आपल्या अम्मीची कृती तिकडच्या कुंडीत वापरण्याआधी तिथला नियम पाहावा. इथल्या घराला तो नियम लावू नये.

तिकडच्या सरकारांना एवढी काळजी का, हेही समजून घेण्यासारखे आहे. दुकानातल्या बाटलीवर काय काय असते ते पाहा. तिरक्या चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो : लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. आत काय आहे, किती पाण्यात किती टाकायचे, फवारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही, पोटात गेले तर डॉक्टरने काय द्यायचे, हे सारे लिहिलेले असते. घरच्या औषधाला यातले काहीच नसते. कायद्याने आपल्याला मोकळे सोडले याचा अर्थ ही सगळी जबाबदारी आपल्यावर टाकली, असा आहे.

आणि घरच्या कृतींतही जहाल गोष्टी असतात. सर्वांत आधी तंबाखू. तंबाखूच्या पाण्यात निकोटीन असते, ते कातडीतूनही शरीरात शिरते. घाम, मळमळ, चक्कर, छातीत धडधड ही त्याची लक्षणे. निकोटीन सल्फेटचा देशातला वापर सरकारने १९९२ मध्येच बंद केला. आणि आपण तेच निकोटीन पातेल्यात उकळतो! शिवाय टोमॅटो आणि मिरचीला होणारा एक विषाणू रोग तंबाखूच्या पानातूनच येतो, त्यामुळे मावा मारता मारता रोग लावून ठेवायचा, असा हा उपाय आहे. तो सोडून द्यावा. तंबाखू मळलेल्या हाताने टोमॅटोच्या रोपाला हातही लावू नये.

दुसरी गोष्ट सीताफळाच्या बियांची पूड. उवांवर आणि किड्यांवर ती जुनी दवा आहे, पण डोळ्यात गेली तर बुबुळाला गंभीर इजा करते. वाटताना उडते, वाऱ्याने येते, त्याच हाताने मूल डोळे चोळते. तिसरी गोष्ट दशपर्णी अर्क. दहा झाडांची पाने कुजवून तो करतात, आणि बहुतेक याद्यांत कण्हेर असते. कण्हेर हृदयावर परिणाम करणारे विष आहे. तिचे पान जनावरही खात नाही. शेतात, पीक काढायला महिने असताना, ते चालते असे म्हणता येईल. पण आज फवारून परवा खुडायच्या मेथी-पालकावर? ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य कण्हेरीसमोर टिकत नाही. घरासाठी दशपर्णी करायचाच असेल तर कण्हेर, रुई, एरंड वगळावे.

दशपर्णीबद्दल आपल्या घरांत आणखी एक प्रश्न येतो, गोमूत्राचा. बहुतेक कृतींत ते असते. हनफी मतानुसार हलाल जनावराचे मूत्र ही हलकी नापाकी आहे आणि शाफई मतानुसार, म्हणजे कोकणातल्या बऱ्याच घरांत, ते सरळ नापाक आहे. दोन्हीकडे भाजी नीट धुतली की ती पाक होते, त्यामुळे बाजारातल्या सेंद्रिय भाजीबद्दल कुणी अडून बसायचे कारण नाही. घरच्या कुंडीसाठी मात्र त्याची गरजच पडत नाही. निंबोळी अर्क निव्वळ पाण्यात होतो. तपशिलात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावे. हा लेख फतवा नव्हे.

यापेक्षा कितीतरी मोठा धोका वेगळाच आहे. तो म्हणजे गावाकडून आणलेले ‘थोडेसे औषध’. शेतात कपाशीला मारून उरलेले, पाण्याच्या बाटलीत ओतलेले, एसटीने शहरात आलेले आणि बाल्कनीतल्या भेंडीवर मारलेले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात पडले. सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. ती माणसे रोज फवारणी करणारी, सवय असलेली होती. मोनोक्रोटोफॉससारखे औषध भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासूनच बंदी आहे, आणि तरी ते गावागावांत भाजीवर गेले. बाल्कनीत तर वारा खालच्या मजल्यावर जातो, खालच्या मजल्यावर कुणाच्या बाळाचे कपडे वाळत असतात. परसबागेच्या सवलतीकडे बोट दाखवून इथे सुटका नाही. विषारी पदार्थ निष्काळजीपणे हाताळून दुसऱ्याच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचे कलम २८६ आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शेजाऱ्याचा हक्क तर कायद्याच्या आधीपासून आपल्यावर आहेच.

मग घरी करावे काय? पुष्कळदा काहीच फवारावे लागत नाही. मावा आणि पिठ्या ढेकूण सुरुवातीला पाण्याच्या जोरदार धारेने निघून जातात. पानाच्या मागच्या बाजूने धार मारावी, सलग तीन-चार दिवस. पुदिना आणि कोथिंबीर ही पाने आपण कच्ची खातो. रमजानात इफ्तारीच्या चटणीला तीच लागतात. त्यांच्यावर पाण्याशिवाय काही मारू नये, फार झाले तर खराब फांदी छाटून टाकावी, पुदिना आठवड्यात पुन्हा फुटतो. कारली, दोडका, काकडीवर फळमाशी येते, तिला फवारणीपेक्षा सापळा बरा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला ‘रक्षक सापळा’ आंबेवाल्यांना ठाऊक आहे, वेलवर्गीय भाज्यांसाठी वेगळे आमिष मिळते.

फवारायचेच असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क. शेतासाठी पाच किलोला शंभर लिटर पाणी सांगतात. कुंड्यांसाठी पन्नास ग्रॅम सुकी निंबोळी आणि एक लिटर पाणी. निंबोळी कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालावी, सकाळी जाड फडक्यातून पिळून गाळावी, पाणी घालून लिटर पुरा करावा आणि दोन ग्रॅम कपड्याच्या साबणाचा चुरा विरघळवून टाकावा. साबणामुळे अर्क पानाला चिकटतो. जास्त टाकला तर पान करपते. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस पाहावे. संध्याकाळी मारावे, कारण उन्हात कडुलिंबाचा गुण लवकर उतरतो, आणि सकाळी फुलांवर मधमाश्या असतात. तयार अर्क त्याच दिवशी संपवावा. दुसऱ्या दिवशीसाठी ठेवू नये. पूड करणारा मिक्सर आणि फडके पुन्हा स्वयंपाकात नेऊ नये.

कडुलिंब तरी पूर्ण निरुपद्रवी आहे का? झाडाखाली बसायला, दातून करायला आहे. पण कडुलिंबाचे तेल तान्ह्या बाळाच्या पोटात गेल्यावर झटके आणि बेशुद्धी आल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून ते तेल खोबरेल तेलाच्या बाटलीशेजारी नको.

बाटलीची गोष्ट निघाली म्हणून सांगते. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल पिऊन रुग्णालयात आलेली मुले आपल्या देशात डॉक्टरांनी पिढ्यानपिढ्या पाहिली. घरगुती औषधही त्याच बाटल्यांत भरले जाते. रंग हिरवट, दिसायला सरबत. असे करू नये. वेगळे भांडे, वेगळे झाकण, उंचावरची जागा, आणि वर एक कागद चिकटवलेला : आत काय काय आहे, किती, कोणत्या तारखेला केले. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, घरात ज्याला जे वाचता येते त्यात. काही विपरीत घडले तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे, डोळे भरपूर पाण्याने धुवावेत, जबरदस्तीने उलटी करवू नये, १०८ ला फोन करावा आणि तो कागद चिकटवलेली बाटली बरोबर न्यावी. डॉक्टरचा पहिला प्रश्न ‘पोटात काय गेले’ हाच असतो, आणि घरच्या औषधाचे उत्तर घरच्यांशिवाय कुणाजवळ नसते.

निंबोळ्या जून-जुलैत पिकून झाडाखाली पडतात. पिवळ्या पडलेल्या गोळा करून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवाव्यात; उन्हात वाळवल्या तर गुण जातो आणि ओल राहिली तर बुरशी लागते. हवा लागेल अशा कापडी पिशवीत वर्षभर टिकतात. चार कुंड्यांना किलोभर पुरे होतात.